बिल्ला नसलेला ड्रम आणि पेडलवरची तीन अक्षरं

वेंगुर्ल्याहून एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सगळ्यांना कळेल. त्यांचे आजोबा मुंबईत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. यंदा घराच्या मांगरातून एक लाकडी साइड ड्रम निघाला. आकार चौदा इंची, वरची पांढरी, मोत्यासारख्या चमकेची पर्लची शीट पिवळी पडलेली, कंपनीचा बिल्ला गायब. हेड (वाजवायचा पडदा) धरणारी रिंग ताणायच्या आठ लगांपैकी, म्हणजे ताणायचे रॉड ज्यांत आवळतात त्या धातूच्या तुकड्यांपैकी, पाच जागेवर आहेत आणि तीन सुटे लग पिशवीत सापडले. सोबत एक बेस ड्रमचं पेडल आहे, त्याच्या टाचेखालच्या पट्टीवर ‘डब्ल्यू.एफ.एल.’ अशी अक्षरं, आणि दोन घडीचे स्टँड. फोटोही पाठवलेत. आजोबांचे मोठे भाऊ बोटीवर नोकरीला होते. गावातल्या एका जाणत्याने “हा लुडविग आहे, लाखात जाईल” असं सांगितलंय. प्रश्न असा की कंपनी नक्की कोणती, आणि सगळ्याला नवीन क्रोम करून घ्यावं का.

क्रोमचं उत्तर एका शब्दात: नको. निदान आत्ता तरी नको. कारण पुढे येईल.

कंपनीच्या प्रश्नाला मात्र आधी थोडं सोडवून घ्यायला हवं. हे सगळं सामान एकाच कंपनीचं आहे असं तुम्ही धरून चालला आहात. पेडलवर अक्षरं आहेत, म्हणजे ड्रमही तोच, लगही तेच, स्टँडही तेच. कुडाळात माझं दुरुस्तीचं काम एकतीस वर्षं चाललंय, त्याआधी काही वर्षं गिरगावात एका मेस्त्रींच्या हाताखाली काढली. या काळात बँडवाल्यांच्या घरून निघालेला, डोक्यापासून पायापर्यंत एकाच कंपनीचा जुना संच मी फार क्वचित पाहिलाय. त्यामुळे खरा प्रश्न ‘कंपनी कोणती’ हा नाही. कुठला तुकडा कुठून आला आणि त्यातला कुठला ड्रमवर पहिल्यापासून होता, हा आहे. ड्रमची ओळख त्या मूळच्या तुकड्यांवरून ठरते, बाकीचे तुकडे फक्त आजोबांच्या हातून काय काय गेलं ते सांगतात.

असं मिसळलेलं सामान आपल्याकडे का, हेही समजून घ्या. १९९१ पूर्वी बाहेरचं वाद्य आणणं म्हणजे परवाना आणि जबर जकात. ड्रम एकदा आला की तो वीस-तीस वर्षं चालवायचाच. लग तुटला तर विलायतेहून लग मागवणार कोण? मग दुसऱ्या मोडक्या ड्रमचा काढून लावायचा, नाहीतर साच्यावरून पितळेत ओतून घ्यायचा. मेरठच्या जली कोठीत बँडच्या वाद्यांचा मोठा धंदा पूर्वीपासून आहे, नादिर अली अँड कंपनी तिथे १८८५ पासून. तिथलं सामान देशभरच्या बँडपार्ट्यांकडे जातं. आपल्या किनाऱ्यावर तिसरी वाट होती ती बोटीवरच्या माणसांची. रत्नागिरी, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, प्रत्येक गावात कोणी ना कोणी बोटीवर होतंच, आणि जपानच्या कोबेहून किंवा लिव्हरपूलहून येताना माणूस घरच्यांनी सांगितलेली वस्तू घेऊन यायचा. तुमच्या आजोबांच्या भावाचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तो तुमच्या पत्रातला फार महत्त्वाचा धागा आहे.

आता एक काळजीची गोष्ट. सुट्या लगांपैकी एक तुम्ही बिंबलं लावून घासलात असं लिहिलंय. कृपा करून बाकीच्यांना हात लावू नका. बिंबलं, आमसूल, चिंच हे घरच्या समया आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक. जुन्या ड्रमचे बरेच लग मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर निकेल आणि क्रोमचा पातळ थर. आपल्या खाऱ्या हवेत त्या थराला बारीक छिद्रं पडतात. आंबट पाणी त्या छिद्रांतून आत शिरतं आणि जस्त खातं. वरून लग चकचकीत दिसतो, पण महिन्याभरात पांढरी भुकटी बाहेर येते आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. माझे मेस्त्री मालवणचे. नवा पोरगा कापड घेऊन पुढे सरसावला की म्हणायचे, “आदी बघ, मगे पूस.” वर्षानुवर्षांचा मळ, जुनं ग्रीस, शाईचा शिक्का, पेन्सिलीची खूण, हे सगळं वाचून झाल्यावर पुसायचं.

पेडलचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी उरकतो. डब्ल्यू.एफ.एल. म्हणजे विल्यम एफ. लुडविग. विल्यम आणि थिओबाल्ड या भावांनी १९०९ मध्ये शिकागोत लुडविग कंपनी काढली, आणि त्यांची सुरुवातच बेस ड्रमच्या पेडलपासून झाली. १९२९ च्या सुमारास कंपनी कॉन या मोठ्या वाद्यकंपनीकडे गेली आणि लुडविग हे नावही त्यांच्याकडेच गेलं. पुढे विल्यम बाहेर पडले आणि १९३७ मध्ये त्यांनी स्वतःची नवी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव वापरता येत नव्हतं, म्हणून आद्याक्षरं वापरली. त्याच वर्षी त्यांचं स्पीड किंग पेडल आलं. १९५५ मध्ये त्यांनी लुडविग हे नाव परत विकत घेतलं. म्हणजे अक्षरं खरी असतील तर तुमचं पेडल ढोबळमानाने १९३७ ते पन्नाशीच्या दशकाचा मध्य एवढ्या काळातलं. जुना माल आणि जुने साचे लगेच संपत नाहीत, म्हणून पुढे एक-दोन वर्षं धरा. खात्रीसाठी पेडल उलटं करा. स्पीड किंगच्या स्प्रिंगा बाहेर लोंबत नाहीत, दोन्ही खांबांच्या आत असतात आणि खालच्या स्क्रूने आवळायच्या असतात. तसं असेल तर ते पेडल खरोखर लुडविगच्या घरचं आहे.

आणि इथेच गावातल्या जाणत्याची गल्लत झाली असावी. पेडल लुडविगचं म्हणून ड्रम लुडविगचा होत नाही. पेडल ही सगळ्यात सहज इकडून तिकडे जाणारी वस्तू आहे, वाजवणारा ते पिशवीत घालून फिरतो. बदली वाजवायला जाताना आपलं पेडल आपल्या हातात आणि ड्रम तिथल्या मालकाचा, असं कितीतरी वादकांचं चालायचं. शिवाय लुडविग हे नाव आपल्याकडे तोंडी बसलंय त्याला कारण आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर ते नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि त्यानंतर जगभर प्रत्येकाला तसाच ड्रम हवा झाला. तेव्हापासून जुना पांढरा ड्रम दिसला की माणूस लुडविग म्हणून मोकळा होतो. म्हणून पेडल बाजूला ठेवा आणि ड्रमकडे कोऱ्या मनाने पाहा.

बिल्ला नाही म्हणून तुम्ही हळहळलात. मला बिल्ल्याची जागा जास्त सांगते. बिल्ला काढून दुसऱ्या ड्रमवर लावता येतो आणि मुंबईच्या जुन्या बाजारात हे सर्रास व्हायचं, पण त्याच्या मागची सावली हलवता येत नाही. पर्लची शीट उन्हाने आणि धुराने पिवळी पडते, बिल्ल्याखालचा तुकडा मात्र झाकलेला राहतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत हवेच्या भोकाभोवती थोडा पांढरट डाग आहे असं मला वाटतंय, पण फोटो समोरून फ्लॅश मारून काढलाय, त्यामुळे कड दिसत नाही. सकाळी खिडकीशी, उजेड बाजूने येईल असा ड्रम ठेवा, शेजारी मोजपट्टी धरा आणि पुन्हा फोटो घ्या. डाग वर रुंद, खाली निमुळता असेल तर साठीच्या दशकातल्या लुडविगचा तो कमानीच्या किल्लीदगडासारखा बिल्ला मनात येतो. गोल असेल तर ग्रेटश ही दुसरी अमेरिकन कंपनी, कारण त्यांचा जुना बिल्ला गोलच होता आणि १९७१ च्या सुमारास तो अष्टकोनी झाला. बिल्ला कसा बसवला होता तेही बघा. मधोमध एकच गोल भोक आणि त्यात पितळी आयलेट, म्हणजे बिल्ला आणि हवेचं भोक एकच होतं. दोन किंवा चार बारीक खिळ्यांची भोकं असतील तर बिल्ला ठोकलेला होता. एवढ्यावर निकाल लागत नाही, पण निम्मी नावं गळतात.

आता लगांकडे येऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पाचापैकी एक लग काढा. आतून दोन स्क्रू असतील. कुठला लग कुठल्या जागेवरचा हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा आणि स्क्रू त्याच्यासोबतच ठेवा. लग तळहातावर उलटा करा. पुढची बाजू सगळे बघतात आणि ती सगळ्यांनी नकललेली असते. कारखान्याची खूण पाठीला असते. साच्यात दाबाने ओतलेल्या लगाची पाठ पोकळ, भिंती सारख्या जाडीच्या आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत. नीट बघितलंत तर आत पेन्सिलीच्या टोकाएवढे किंवा थोडे मोठे गोल ठसे दिसतील. साचा उघडताना लग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. कधी एखादा आकडा असतो, कधी एकच अक्षर, तो साच्यातल्या खणाचा नंबर. बऱ्याच अमेरिकन लगांत फिरती नळी आणि तिला जागेवर धरणारी छोटी स्प्रिंग असते, ती खुळखुळू नये म्हणून काही जण त्यात कापूस किंवा नमद्याचा तुकडा घालायचे.

वाळूच्या साच्यात ओतलेल्या लगाची गोष्ट वेगळी. त्याची पाठ रवाळ, बारीक रव्यासारखी लागते. कडा कानशीने घासलेल्या असतात आणि कानशीचे तिरके ओरखडे दिसतात. बहुतेकदा तो भरीव आणि जड असतो, स्प्रिंग नसते, आटे थेट पितळेतच पाडलेले असतात. दोन लग शेजारी ठेवले तर जुळे वाटत नाहीत, भाऊ वाटतात. तुम्ही पाठवलेल्या चौथ्या फोटोत सुट्या तीनपैकी एकाची पाठ अर्धी दिसतेय आणि ती मला रवाळ दिसतेय. तुम्ही बिंबलं लावलंत तोच तो असेल तर सुदैव, कारण तो पितळेचा असायची शक्यता जास्त. चुंबक लावून बघाल तर पितळ आणि जस्त दोन्हीला तो चिकटणार नाही, म्हणून चुंबकाने हा फरक कळत नाही. स्क्रूच्या भोकात आतल्या बाजूला सुईने हळूच खरवडा: पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्त.

माझा आत्ताचा अंदाज असा की पाच लग एका घरचे आणि तीन दुसऱ्या घरचे. तपासायला सोपं आहे. लगाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, व्हर्नियरने मोजा. मग आठही जागांवर ड्रमच्या भोकांमधलं अंतर मोजा. पाच जागा एकसारख्या आणि उरलेल्या तीन जागांची भोकं कानशीने लांबट केलेली दिसली तर चित्र स्पष्ट: मूळ लग तुटले आणि बदली लग बसवायला भोकं वाढवली. आठही जागा सारख्या निघाल्या आणि सुटे लग त्यात सहज बसले, तर ते त्याच मापावर मुद्दाम ओतून घेतलेले. हे अंतर टिपून ठेवा, कारण जुन्या कॅटलॉगांशी आणि जाणकारांनी मोजून ठेवलेल्या मापांशी ताडून पाहायला यापेक्षा भरवशाचा आकडा नाही. रंग, चमक, आकार यांवर वाद होतो, अंतरावर होत नाही.

ड्रमखालच्या तारा आवळायच्या-सोडायच्या खटक्याच्या जागीही हेच करा. तुमच्या खटक्याची घडण लुडविगच्या पी-८५ सारखी वाटते, आणि एवढंच बघून ‘लुडविग’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. तो खटका इतका साधा आणि टिकाऊ आहे की साठीच्या दशकाच्या शेवटापासून आजपर्यंत बनतोय आणि त्याच्या नकला जगभर झाल्यात. त्यामुळे खटका बघण्यापेक्षा त्याच्या मागे बघा. जास्तीची, बुजवलेली, लाखेने किंवा आगपेटीच्या काडीने भरलेली भोकं आहेत का? असतील तर आधी दुसरा खटका होता आणि त्याची मापं अजून तिथेच आहेत.

आटे. यावर लोक फारसं बोलत नाहीत, पण मला यानेच सगळ्यात जास्त वेळा तारलंय. ताणायचा रॉड काढा, दात ब्रशने कोरडे साफ करा, मोजपट्टीवर ठेवा आणि एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. अमेरिकन ड्रमच्या रॉडला इंचाला चोवीस आटे आणि जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर. पुढे आशियातल्या बऱ्याच कारखान्यांनी हेच माप उचललं. पण नुसते चोवीस मोजून थांबू नका. आपल्याकडचे जुने लेथवाले व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी आट्यांच्या मापात काम करायचे, आणि दीड सुती व्हिटवर्थलाही इंचाला चोवीसच आटे येतात, फक्त जाडी पावणेपाच मिलिमीटर. आटे मोजले आणि जाडी मोजली नाही, तर मुंबईच्या गल्लीत बनलेला रॉड अमेरिकेचा ठरतो. दोन सुती असेल तर इंचाला वीस. आणखी एक फरक डोळ्यांना दिसत नाही. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशाचा, अमेरिकन आट्याचा ६० अंशाचा. जाडी जवळपास सारखी असली तर एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग आवळतो. तिथे थांबायचं. चावीने जोर लावलात तर आतल्या नळीचे आटे मेलेच समजा. रॉडचं डोकंही बघा. चौकोनी डोकं सगळीकडे आहे, पण पेचकसाची खाच असेल तर जर्मन सोनोरकडे लक्ष द्या, त्यांनी ती खाच खूप वर्षं टिकवली.

अक्षरं आणि आकडे भिंग घेऊन शोधा. फिटिंगच्या खालच्या बाजूला, पट्टीच्या आत, स्क्रूच्या डोक्याशी. अमेरिकन पेटंटचा नंबर सापडला तर वर्षाची एक कड हाती येते. दहा लाखावा नंबर १९११ मध्ये पडला, वीस लाखावा १९३५ मध्ये, तीस लाखावा १९६१ मध्ये. म्हणजे नंबर वीस लाखांच्या पुढचा आणि तीस लाखांच्या आतला असेल, तर ते पेटंट या दोन वर्षांमधलं. लक्षात ठेवा, वस्तू पेटंटच्या आधीची असू शकत नाही, नंतरची मात्र कितीही वर्षांची असू शकते. डी.आर.जी.एम. ही जर्मन नोंदणीची अक्षरं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जर्मनीकडे बोट दाखवतात. ‘पश्चिम जर्मनीत बनलेलं’ असं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. ‘ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर १९५२ च्या आतलं.

जपानचा विषय निघालाच आहे आणि तुमच्या घरात बोटीवरचा माणूस होता, म्हणून हे जरा सविस्तर. पर्ल कंपनी १९४६ ची, ड्रम त्यांनी १९५० पासून बनवले. यामाहाचे ड्रम १९६७ पासून. टामा हे नाव १९७४ चं, त्याआधी त्याच घरचे ड्रम स्टार नावाने निघायचे. पण साठीच्या दशकात जपानी कारखाने दुसऱ्यांच्या नावानेही ढिगाने माल काढायचे. परदेशातला दुकानदार सांगेल तो बिल्ला लावून द्यायचे. एकाच कारखान्याचे सख्खे ड्रम पाच-सहा नावांनी विकले गेले. अशा ड्रमचा बिल्ला सापडला असता तरी त्याने बनवणारा सांगितला नसता, फक्त विकणारा सांगितला असता. तिथे लगाची पाठ आणि ड्रमचा आतला भाग हेच बोलतात.

म्हणून आतलं बघा. एका बाजूचं हेड उतरवा आणि टॉर्च आत मारा. आत काठांशी लाकडी कडी आहेत का, लाकूड कुठलं, रंग कुठला. लुडविगच्या साठीच्या दशकातल्या ड्रमला कडी असतात आणि आतून पांढरा रंग किंवा ठिपक्यांचा करडा लेप असतो. काहींवर लाल शाईचा तारखेचा शिक्का सापडतो, आणि तो सापडला तर बाकी सगळी चर्चा थांबवा. ग्रेटश आतून चंदेरी रंगवायचे आणि कडी घालत नसत. स्लिंगरलँड ही आणखी एक अमेरिकन कंपनी, ते आतून लाकूड तसंच दाखवायचे, वर पारदर्शक लाख. ब्रिटिश प्रीमियरला बर्च लाकूड आणि आत कडी. साठीच्या दशकातल्या स्वस्त जपानी ड्रमला लालसर फिलिपाइन लाकडाची पातळ भिंत आणि कडी. ओल लागून लाकूड काळं पडलं असेल तर रंगावर जाऊ नका, कडी आणि पदर मोजा.

प्रीमियरचं नाव मी मुद्दाम घेतलं. अमेरिकन ड्रम इथे तुरळक, इंग्रजी सामान जास्त, विशेषतः बँडपार्ट्यांकडे आणि शाळांच्या बँडकडे. प्रीमियर कंपनी १९२२ ची, लंडनची, १९४० च्या बॉम्बफेकीनंतर लेस्टरला गेली. त्यांच्या रिंगा ओतीव असायच्या, पत्रा वळवलेल्या नव्हेत. तुमच्या ड्रमची रिंग वळवलेल्या पत्र्याची आहे, त्यामुळे मी प्रीमियरला सध्या मागे ठेवतोय, पण रिंग बदललेली असू शकते. इंग्रजी टॉम किंवा बेस ड्रम कोणाकडे असेल तर एक सांगून ठेवतो: जुन्या इंग्रजी मापाचे काही ड्रम आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असतात आणि आजचं हेड त्यांवर उतरत नाही. हेड चुकीचं नसतं, ड्रम जुना असतो. काठ घासून हेड बसवायला जाऊ नका.

स्टँडबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाय एकपदरी चपट्या पट्टीचे आहेत. दुपदरी जाड पायांची पद्धत सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून रुळली, म्हणून हे त्याआधीच्या घडणीचे. पण तशीच घडण आपल्याकडे नंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. त्यांच्यावर नाव नसेल तर वेळ घालवू नका.

आता क्रोम. सोळा-सतरा वर्षांपूर्वी देवगडच्या एका गृहस्थांनी वडिलांचा ड्रम आणि पेडल माझ्याकडे आणलं. लोखंड पार गंजलेलं, त्यांना गणपतीपर्यंत चकचकीत हवं होतं. मी फिटिंग उतरवली आणि घाटावरच्या एका क्रोमवाल्याकडे पाठवली. पाठवताना लगांच्या पाठीचे फोटो काढले नाहीत, पेडलवरचा नंबर उतरवून घेतला नाही. क्रोम करण्याआधी जुना थर काढतात आणि बफच्या चाकावर धातू गुळगुळीत करतात. सामान परत आलं ते आरशासारखं. पेडलच्या पट्टीवरचा नंबर बफने पुसून गेला होता, दोन लगांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि एक लग आम्लात भुगा झाला होता, त्याच्या जागी नुसती एक चिठ्ठी आली. त्या ड्रमचा कारखाना मी आजपर्यंत सांगू शकलो नाही. मुलगा वडिलांचा ड्रम घेऊन आला होता आणि त्यावर वडिलांच्या काळातलं जे लिहिलेलं होतं ते माझ्या हातून गेलं. तेव्हापासून वाचून, मोजून, फोटो काढून झाल्याशिवाय एकही तुकडा मी दुकानाबाहेर पाठवत नाही.

तुम्ही सध्या एवढंच करा. साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ टिपून घ्या, लगेच कोरड्याने पुसा आणि अर्धा दिवस पंख्याखाली ठेवा. लोखंडी रॉड आणि स्क्रू रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून दात ब्रशने घासा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. आटे मात्र आधी मोजा. पितळी आणि जस्ताच्या भागांना फक्त फडकं. सामान गोणपाटात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.

किमतीचं नावाशिवाय कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि नाव कळल्यावरही मूळ तुकडे किती, भोकं किती वाढवली, गिऱ्हाईक कोण, यावर सगळं अवलंबून. पेडलला मात्र स्वतःचं मोल आहे, ते ड्रमसोबत कोणाला देऊन टाकू नका.

माझं आजचं वाचन असं: पेडल विल्यम लुडविग यांच्या कंपनीचं, बहुधा १९५५ च्या आतलं. सुटे तीन लग इथेच ओतून घेतलेले असावेत. ड्रम लुडविग असू शकतो, पण आजोबांच्या बोटीवरच्या भावामुळे माझं मन जपानकडे जास्त झुकतंय. डागाचा आकार, पाच लगांच्या स्क्रूंमधलं अंतर, रॉडची जाडी आणि आटे, आणि आतला फोटो, एवढं कळलं की हे मत मी पक्कं करीन किंवा मागे घेईन.

एक काम घरातच करा. आजोबांचे ऑर्केस्ट्रातले फोटो, लग्नाचे अल्बम, आजोबांच्या भावाचा बोटीवरच्या नोकरीचा दाखला, जे असेल ते काढा. त्या दाखल्यात बोट कुठल्या वर्षी कुठे लागली ते कळू शकतं. फोटोत ड्रम दिसला तर आजोबांच्या चेहऱ्याकडे बघून झाल्यावर भिंग हवेच्या भोकावर धरा. बिल्ला तेव्हा जागेवर असेल तर त्याची आकृती कळेल. आजी असतील तर त्यांनाही विचारा, ड्रम पेटीतून आला की पोत्यातून. पेटीतून आला असेल, तर त्या पेटीचं पुढे काय झालं तेही विचारा. कोकणातल्या घरात चांगली लाकडी पेटी कोणी टाकत नाही, तांदूळ ठेवायला वापरतात, आणि तिच्या झाकणाच्या आत कारखान्याची चिठ्ठी अजून चिकटलेली असू शकते.